रंभीच्या शेजारची जागा

आमच्या रंभीच्या ढुंगणाखाली निखारं हायत, असं आय म्हणायची. खोटं न्हाई ते. जेवायला बसली तर पहिला घास ताटाजवळ, दुसरा उंबऱ्यात आन् तिसरा कुत्र्याच्या तोंडात. पाण्याला धाडली तर कळशी हिरीवर ठिवून सरड्यामागं पळायची. पण मेंढरं मोजायची म्हणली, तर आमचा आबा, एवढा जुना मेंढका, तो बी तिच्याम्होरं हात टेकायचा. वाड्यातनं मेंढरं भसाभसा भाईर पडायची, आमचं आकडं चुकायचं, आन् ही दगडावर उड्या मारत म्हणायची, "एकशेसव्वीस. काळी लंगडी आत ऱ्हायली." बघावं तर खरंच काळी लंगडी आत.

मी साखरा. रंभीपेक्षा तीन वर्सांनी थोरली. माझं शिक्षण दुसरी. थंडीत मेंढरं कोकणात उतरायची, संगं आम्ही बी. पावसाळ्यापुरती दोन वर्सं शाळा केली, मग बिऱ्हाडामागं चालून चालून ती सुटली. पुढं कॅनॉलचं पाणी आलं. आबानं निम्मी मेंढरं काढली, जमीन धरली. आमचं गाव भांडगाव सोडून दोन कोसांवर. नाव कशाला सांगू, नावं ठिवायला लोक बसलेतच. बिऱ्हाड थांबलं, पण तवर मी धा वर्सांची घोडी झाले व्हते, आन् शाळेत गेली रंभी. मला कुणी इचारलं बी न्हाई. शेणाची पाटी डोक्यावर घिऊन मी शाळेवरनं जायची, तवा आतनं पाढं ऐकू यायचं आन् माझी चाल आपोआप हळू व्हायची. आय म्हणायची, "वाटंतच गवऱ्या थापत बसली व्हतीस का गं?"

सत्तर साली रंभी पाचवीत गेली. एका महिन्यात तिनं चार पेन्सिली, एक दप्तर आन् एक चप्पल हरवली. दुसरी चप्पल तिनं सोताच टाकून दिली, एकटी काय करायची म्हणून. मधल्या सुट्टीत गेली की परत वर्गात येईलच आसं न्हाई. मोठे गुरुजी छडी घिऊन बसायचे. रंभी रडायची, हात चोळायची आन् दुसऱ्या दिवशी तेच.

मग एक दिवस तिच्या वर्गाचे चांगदेव गुरुजी सायकल ढकलत वस्तीवर आले. दौंडचे, बौद्धवाड्यातले, वडील रेल्वेत गँगमन व्हते त्यांचे. बारीक माणूस, पण आवाज खणखणीत. आबाला म्हणले, "म्हाळूआप्पा, तुमच्या पोरीसारखं तोंडी गणित माझ्या वर्गात कुणाला येत नाही. पण तिला बसवत नाही, आणि वस्तू सांभाळता येत नाहीत. ती मुद्दाम करत नाही हो. मारून काही होणार नाही."

आबानं बिडी इझवली. म्हणला, "गुरुजी, ओढाळ जनावराच्या गळ्यात आम्ही लोढणं बांधतो. लाकडाचा ओंडका. मग ते लांब जात न्हाई."

"माणसाच्या गळ्यात ओंडका कसा बांधणार?"

आबानं इकडं तिकडं बघितलं, आन् मग माझ्याकडं. "ही साखरी हाय की. बसंल तिच्याजवळ. रंभी शिकंल तवर."

म्हंजी मी लोढणं! राग यायला पाहिजे व्हता मला. पण खरं सांगू, मी गोठ्यामागं जाऊन रडले, आनंदानं. आन् त्याच दिवशी शिकेकाईनं डोकं धुतलं. चौथीचा दाखला न्हाई म्हणून हजेरीत नाव घालता येणार न्हाई, असं गुरुजींनी तवाच सांगितलं व्हतं. नाव नको म्हणलं, जागा द्या.

जागा मिळाली. दारापाशी, रंभीच्या डाव्या अंगाला, गोणपाटाचा तुकडा. सकाळचं ऊन थेट मांडीवर यायचं. राजाच्या गादीवर बसल्यावाणी बसायची मी.

गुरुजींनी रंभीसाठी वर्गाची रीतच बदलली. तिला दारात बसवलं, म्हंजी उठली तरी कुणाला तुडवत जायला नको. धा गणितं एकदम न देता दोन द्यायची. ती झाली की लिंबाला शिवून यायचं, मग म्होरली दोन. शाळेची घंटा म्हंजी टांगलेला रुळाचा तुकडा, तो बडवायचं काम रंभीकडं. बसवंना झालं तर खिडकीत वही ठिवून उभ्यानं लिहायचं. मोठे गुरुजी चिडायचे, "ही शाळा आहे का उरूस?" चांगदेव गुरुजी गपचीप तिची वही म्होरं करायचे. वहीत समदं बरोबर आसायचं. अक्षर मात्र कोंबडीनं उकरल्यावाणी.

माझं काम येगळं. सकाळी निघताना तिला उंबऱ्यात उभी करायची. "वही? पेन? पट्टी? भाकरी?" एकेका नावाला तिनं त्या वस्तूला हात लावायचा, न्हाईतर पाय भाईर टाकायचा न्हाई. घरचा अभ्यास ज्या वहीत, तिला तांबडी लोकर बांधायची. झाला की सोडायची. आबा मेंढरं मोजताना सुतळीला विसाला एक गाठ मारायचा. ते बघून मी लोकरीला गाठी मारून रंभीच्या हातात द्यायला लागले. एक गणित पुरं झालं, एक गाठ सोड. समद्या सुटल्या की तू बी सुटलीस. बाकी कशात न्हाई, पण गाठीत तिचा जीव गुतला. अर्धं टाकून उठायची खोड दीड वर्सात निम्मी मोडली.

आन् मी? मी जुनी पाटी मांडीवर घिऊन समदं उतरून काढायची. गुरुजी येता जाता माझ्या पाटीवर बी खूण करायचे. एकदा त्यांनी भिंतीवर नकाशा लावला. ज्या घाटानं मी आठ-आठ दिवस अनवाणी कोकणात उतरले, तो घाट नकाशावर नखाएवढा व्हता! मी बघतच बसले. आपण चाललेली वाट कुणीतरी कागदावर मांडून ठिवलीय, हे काय साधं हाय का? सहावीच्या वार्षिकाला गुरुजींनी मला बी पेपर दिला आन् घरी नेऊन तपासला. गणितात पन्नासात एकेचाळीस. निकाल वाचला तवा माझं नाव अर्थातच न्हाई. मी बाकीच्यांसाठी टाळ्या वाजवल्या.

पण एक गोष्ट मला उशिरा कळली, मठ्ठ मी. रंभी जितकी सुधारणार, तितकी माझी जागा लवकर जाणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मी काम नीट करावं तर माझंच बूड उठतंय.

त्र्याहत्तरच्या माघात गुरुजींनी मला व्हरांड्यात बोलावलं. दुष्काळाचं वरीस. आय-आबा खडी फोडायला जायचे, शाळेत सुकडी मिळायची. गुरुजी म्हणले, "साखरा, सातवीची परीक्षा केंद्रावर होणार, दौंडला. तिथं रंभाजवळ कुणी बसणार नाही. तिला एकटीची सवय व्हायला हवी. उद्यापासून तू येऊ नकोस. तुझं काम झालं, फार छान केलंस."

काम झालं म्हणं! खुरपं हाय का मी, तण निघालं की वळचणीला खोचायला? पण गुरुजींचं खोटं कुठं व्हतं?

तीन दिवस मी घरी ऱ्हायले. सकाळी उंबऱ्यात नावं घ्यायची आन् तिला लावून द्यायची. मला वाटलं व्हतं, बिघडंल हिचं. कसलं काय! संध्याकाळी नाचत यायची. समदी गणितं झाली, घंटा बी येळेवर वाजवली. मी वरनं शाबास म्हणायची आन् आतनं जळायची.

चौथ्या दिवशी मी तिचा पेन दप्तरातनं काढला आन् कणगीमागं टाकला. सकाळी उंबऱ्यात नावं घेतली, पेनचं सोडून. तिनं बी काय म्हणलं न्हाई. गेली.

दुपारी ती वर्गातनं उठून गेली. कॅनॉलच्या भरावावर दिस मावळंस्तवर बसली व्हती, गुरुजींनी हुडकून आणली. मोठ्या गुरुजींनी दोन्ही हातांवर छड्या दिल्या आन् म्हणले, आसली पोरगी केंद्रावर न्हेऊन शाळेचं हसं करायचं न्हाई. चांगदेव गुरुजी तिला वस्तीवर सोडायला आले, तवा त्यांचं तोंड उतरलं व्हतं. "माझीच घाई झाली. साखरा, उद्यापासून परत ये. मोठ्या गुरुजींना मी सांगतो."

काय सांगू, मला हसू आलं! तोंड फिरवून हसले मी. माझी जागा मला परत गावली व्हती.

पहाटं वाड्यातली लेंडी झाडत व्हते. रंभी आली, खराटा धरला, पण तिला धरवंना. तळहातावर काळं-निळं वळ उठलं व्हतं. म्हणली, "आक्का, पेन कणगीमागं हाय."

माझा हात थांबला. "तुला कसं ठावं?"

"टाकताना बघितलं की मी."

"मग घेतला का न्हाईस? दुसऱ्याकडनं मागायचा तरी!"

"मागायचा कशाला? माझ्या परकराच्या नेफ्यात पेन्सिल व्हती." ती खराट्याच्या काड्या मोजत व्हती. "तुला शाळंत यायचं व्हतं ना? मग मी उठून गेले."

आगं बया! मला काय तोंड ऱ्हायलं? तिचं हात माझ्या हातात घेतलं आन् मोठ्यानं रडले. ती उलट मलाच म्हणली, "रडू नको, लई न्हाई दुखत." त्या दिवशी मी बिरोबाला सांगितलं, माझं काय व्हायचं ते हू दे, ही पास झाली पाहिजे.

शाळेत गेले, पण मागं भिंतीला बसले. तिनं मान वळवली तर दिसावी, एवढंच. त्या दोन महिन्यांत मी कुणाला सांभाळलं न्हाई, फकस्त ऐकलं. मराठी, इतिहास, भूगोल, समदं. पाहुणी जेवती तसं, उद्या ताट उचलणार हे ठावं आसून.

परीक्षेला गुरुजींनी आम्हा दोघींना दौंडला सोताच्या घरी उतरवलं. आय कुरकुरली, त्यांच्या घरी जेवायचं का म्हणून. आबा म्हणला, "पोरीला पास व्हायचं हाय, तुला काय करायचंय?" गुरुजींच्या आईनं आम्हाला ऊन ऊन भात वाढला आन् रंभीची येणी घातली. माझ्या आयला सांगायला पाहिजे, तसली बाई मी आमच्या पावण्यांत बघितली न्हाई.

गणिताच्या पेपरादिवशी केंद्राच्या फाटकापाशी मी रंभीला उभी केली. पेन, पट्टी, लोकर. लोकरीला गाठी मारलेल्या. पदराला आयनं बिरोबाचा भंडारा बांधून दिला व्हता, तो तिच्या कपाळाला लावायला गाठ सोडली. तवा ती म्हणली, अगदी सहज, "आक्का, मी निम्मी गणितं सोडून दिऊ का? नापास झाले म्हंजी परत सातवी. परत तू माझ्याजवळ."

हसत व्हती. पण मी वळखलं, ही करंल. जी पोरगी नेफ्यात पेन्सिल आसून छड्या खाती, ती काय बी करंल.

आन् देवाशपथ सांगते, माझ्या मनात एक घडीभर आलं, कर. आजून एक वरीस. दारातलं ऊन, मांडीवर पाटी. लई गोड वाटलं ते. मग तिच्या तळहातांकडं बघितलं. वळ कवाच गेलं व्हतं, पण मला दिसलं.

मी म्हणले, "येडी हायस का? मला शाळा आवडत न्हाई. कवाच आवडली न्हाई. तुझ्यापायी तीन वर्सं गोणपाटावर बसून माझं बूड झिजलं. अक्षरं बघितली की डोस्कं उठतं माझं."

"मग पेन कशाला लपवलास?"

"घरी शेण काढायला लागतं म्हणून. बसून तरी ऱ्हाता येतं शाळेत. पण आता त्याचा बी वीट आला. एकदाची पास हो आन् मला सोडव."

तिनं भंडाऱ्याकडं बोट केलं. "खरंच? भंडारा उचल."

आमच्यात भंडारा उचलून बोललं की बोललं. बांधाची भांडणं मिटतात त्याच्यावर. खोटा उचलला तर लेकराबाळांवर येतं, हे आमच्यात शेंबड्या पोराला ठावं. मी चिमूट उचलली. कपाळाला लावली आन् म्हणले, "बिरोबाच्यान खरं. मला शाळा नको."

तिचं तोंड एवढंसं झालं. "आधी का न्हाई सांगितलंस, आक्का?" एवढंच म्हणली आन् आत गेली. मागं वळून बघितलं न्हाई.

तीन तास मी चिंचेखाली बसले. एकेक पोरगं मधी पाणी प्यायला भाईर यायचं. ही आली न्हाई. सुटल्यावर आली, घामाघूम, हातात सरळ लोकर. "समद्या सुटल्या," म्हणली. माझ्याकडं बघून म्हणली, "तू बी सुटलीस."

पास झाली. केंद्रात मुलींत पहिली. गुरुजी पेढे घिऊन वस्तीवर आले. आबानं त्यांना घोंगडी टाकली. रंभीला शिरूरला हायस्कुलात घालायचं, बोर्डिंगात ठिवायचं, ठरलं. मग गुरुजी माझ्याकडं वळले. "म्हाळूआप्पा, आता साखराचं बोलू. हिला बाहेरून परीक्षेला बसवतो. सगळी खटपट मी करतो. दोन वर्षांत हीसुद्धा सातवी होईल."

आबानं मान खाजवली. म्हणला, "बसू दे की. सोयरीक यील तवा यील."

आबा व्हय म्हणला! माझा आबा! मला वाटलं भुई सोडून वर उचलली मला कुणी. तोंड उघडलं, आन् माझ्याआधी रंभी बोलली.

"नको गुरुजी. आक्काला शाळा आवडत न्हाई. माझ्यापायी बसायची ती. तिला आता कुणी अडकवू नका." माझ्या बाजूनं भांडायला उभी ऱ्हायली व्हती, एवढीशी ती. "भंडारा उचलून सांगितलंय तिनं मला."

समदे माझ्याकडं बघाया लागले. गुरुजी म्हणले, "साखरा? खरं?"

काय बोलू? खोटा भंडारा उचलला म्हणू, बापाम्होरं? आन् रंभीला कळलं आसतं की मी तिला फसवून आत धाडली. शिरूरला गेलीच नसती ती. आपल्या आक्काची जागा खाल्ली म्हणून घरी बसली आसती. मी वळखते तिला.

"व्हय गुरुजी," म्हणले. "खरं हाय."

गुरुजींनी पेढ्याचा पुडा खाली ठिवला आन् बराच येळ सायकलची घंटी पुसत बसले.

त्याच वैशाखात माझं लगीन झालं. कोरेगाव भीमाकडं दिली मला. माणूस चांगला हाय, तक्रार न्हाई. वाण्याच्या पुडीचा कागद मी चुलीत घालायच्या आधी वाचते, पण कुणी नसताना. रंभी धावी झाली, मास्तरकीचं शिकली, आता वढू बुद्रुकच्या बाजूला एका वाडीवर बाई हाय. तिच्या वर्गात म्हणं न बसणारी पोरं खिडकीत उभ्यानं लिवत्यात. ऐकून माझं काळीज सुपाएवढं होतं.

यंदाच्या, एकोणऐंशीच्या दिवाळीला आली. दर साली येती. माझ्यासाठी लुगडं, बांगड्या, एकदा इष्टीलचा डबा. पुस्तक कवा न्हाई. माझ्या लेकीसाठी, गितासाठी मात्र या येळी आणलं, चित्राचं, एका पोराची शेळी हरवती त्याची गोष्ट. रंभी न्हायला गेली तवा मी न्हाणीच्या आवाजाकडं कान ठिवून ती समदी वाचून काढली. सहा वर्सांनी पुस्तक हातात धरलं व्हतं. शाईचा वास तोच.

संध्याकाळी मी चुलीपाशी बसलेली. गिता पुस्तक घिऊन माझ्या पाठीवर पडली. "आये, वाच की!"

रंभी लगबगीनं उठली. "आगं, तिला नको तरास दिऊ. तिचं डोस्कं उठतं. इकडं आण, मी वाचते." आन् माझ्याकडं बघून हसली, लई मायेनं.

मी पुस्तक सोडलं.

ती वाचाया लागली, घाईघाईनं, पाय हलवत. दोन पानं एकदम उलटली तिनं, तिला कळलं बी न्हाई. गिता हुशार हाय. म्हणली, "पण मावशी, शेळी नदीपल्याड व्हती ना? मग घरी कशी आली?"

रंभीनं पान मागं-म्होरं केलं. "आली आसंल बाई कशीतरी."

कशीतरी न्हाई. त्या पोराच्या आज्यानं शेळीचं करडू आणून काठावर उभं केलं व्हतं, त्याचा आवाज ऐकून ती पाण्यात उतरली. मधल्या दोन पानांवर व्हतं समदं. शब्दनशब्द माझ्या तोंडात आला. पण गिता माझ्याकडं बघत व्हती, माझं लेकरू, आन् मी भंडारा उचललेला.

"आये, तुला ठावं हाय का?"

"मला काय ठावं आसणार?" मी म्हणले.